देवदूताची आखणी

मूर्तीचे डोळे आखणं हे माझं काम. पेणच्या बाजूला आमच्या गावात घराघरांत गणपतीचे कारखाने आहेत. घडवणारे, घासणारे, रंगवणारे हात तिथे पुष्कळ सापडतील, पण डोळ्यांना ब्रश लावणारं माणूस कारखान्यात एखादंच असतं. या कामाला आम्ही आखणी म्हणतो, आणि आमच्या कारखान्यात आखणी माझी. माझा नवरा सदा साचे, ओतकाम, रंग सगळं बघतो, पण डोळ्यांची वेळ आली की गुपचूप बाजूला होतो. मी आखलेल्या डोळ्यांसमोरून हात न जोडता गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. ही बढाई नाही असं म्हणणार होते, पण आहे थोडी.

एकच गोष्ट मला सलते. दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा, की माझं काम पाण्यात. बाप्पाने जायचंच असतं, त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी विसर्जनाच्या संध्याकाळी मी घाटावर जात नाही. माझ्या हातच्या हजारो डोळ्यांपैकी एकही आज या जगात उघडा नाही, हे मनात आलं की जेवण गोड लागत नाही.

म्हणून दिवाळीनंतर जसिंताबाय रोझारियो दारात येऊन म्हणाली, "मूर्ती फायबरची करा, बुडवायची न्हाय," तेव्हा पुढचं काही ऐकायच्या आधीच मी मनात होकार दिला.

जसिंताबाय दांडवाडीची. रेवदंड्याची खाडी ओलांडून काशीदकडे जाताना समुद्राच्या अंगाला ही क्रिस्ती लोकांची वाडी लागते. बाय मासे विकते, आवाज चढा, चाल जोरकस. तिचा मुलगा रेमी गेल्या वर्षी होडी घेऊन गेला असताना इंजिन बंद पडलं, वारा सुटला आणि होडी खडकांकडे सरकू लागली. तेवढ्यात कुठल्याशा बोटीवरच्या माणसाने दोरी टाकून त्याला ओढून खाडीच्या तोंडाशी आणून सोडलं आणि तो निघून गेला. नाव नाही, गाव नाही. जसिंताबाय त्याचे आभार मानायला मुरुडला गेली, राजपुरीला गेली, श्रीवर्धनच्या बंदरावर चौकशी केली. असा माणूस कुणाला ठाऊकच नव्हता.

"तवा मना समजला," बाय म्हणाली, "तो देवदूत व्हता. आमच्या देवळातला देवदूत वादळात कौलांखाली फुटला. मी नवस केलाय, नवा बसवीन. त्याच्या पायाशी मेणबत्ती लावीन, मगच माझा जीव खाली बसंल. मुंबईच्या दुकानातला नको मना. त्याचे डोळे बाजारातल्या बोंबलासारखे असतात."

"कसा असतो हो तुमचा देवदूत?" मी विचारलं.

"पंख असतात. पोराचा हात धरलेला असतो. आन् येतो तवा पयला बोलतो, भिऊ नको. पुस्तकात बघ, जिथं तिथं त्याचा पयला शब्द ह्योच."

मला हसू आलं. भिऊ नको म्हणणारा हात घडवणं हे तर आमचं रोजचं काम. आमचे सगळे देव उजव्या तळहाताने तेच सांगत असतात.

सदाकडे देवदूताचा साचा कुठला असणार? त्याने विष्णूचा काढला, चारातले दोन हात कमी केले. पंख माणगावच्या एका मंडळासाठी केलेल्या गरुडाचे होते, तेच पांढरे करून खांद्यांना बसवले. पोर म्हणून पाऊल उचललेला बाळकृष्ण, मोरपिसाचं भोक बुजवून. देवदूताच्या डाव्या हातात पोराचा हात, उजवा हात अभय देणारा. सगळं जुळून आल्यावर मलाही वाटलं नाही की हे तीन वेगळ्या ठिकाणचे नातेवाईक आहेत.

मग मी आखणीला बसले. आमची पद्धत अशी, की ब्रश हातात घेण्याआधी मूर्तीसमोर जमिनीवर बसायचं, भक्त बसेल तिथे. खालून वर बघायचं आणि नजर नेमकी कुठे उतरायला हवी ते ठरवायचं. देवाची नजर भक्ताच्या डोळ्यांत उतरली पाहिजे, आणि भक्त जरा डावी-उजवीकडे सरकला तरी तिथेही पोचली पाहिजे. हे जमलं की मूर्ती जिवंत झाली. देवदूताला मी तशीच नजर दिली. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका ठेवून मागे झाले, तर सदा वाकून मूर्तीच्या पाया पडत होता.

"काय बघतो गो," तो म्हणाला. "गणपतीपेक्षा बरा जमलाय."

मला ते अगदी पटलं. त्या दिवशी मी चवीने जेवले.

नाताळाला थोडे दिवस होते तेव्हा टेम्पोतून आम्ही मूर्ती दांडवाडीला नेली. देऊळ लहानसं, पांढरा चुना दिलेलं, पुढे ओटी. ते लोक चर्चला देऊळच म्हणतात, मीही तेच म्हणते. मूर्ती ओटीवर उतरवून मी तोंडावरचं फडकं ओढलं. जमलेल्या बाया पुढे सरकल्या. मग एक म्हातारी गुडघ्यावर आली, तिच्या मागे दुसरी, तिसरी. कुणी मूर्तीच्या पायाचं चुंबन घेतलं. शेजारच्या कोळीवाड्यातली एक बाई मासे घेऊन चालली होती, तिने पाटी खाली ठेवली, पायावर फूल वाहिलं आणि हळदीकुंकू पण लावलं. जसिंताबाय तर तिथेच जमिनीवर बसून मूर्तीच्या डोळ्यांत बघत रडायला लागली. मी दाराशी उभी राहून हे सगळं बघत होते, आणि मला आनंद झाला होता हे सांगायला मी लाजत नाही.

तिथले फादर जेरोम बारीक अंगाचे, साठीच्या पुढचे, हळू बोलणारे. त्यांनी आधी मूर्तीकडे पाहिलं, मग गुडघ्यावर आलेल्या बायांकडे. मग सगळ्यांना घरी पाठवून माझ्याकडे आले.

"मूर्ती फार सुंदर झाली आहे, किशोरीताई," ते म्हणाले. "पण ही मला देवळात ठेवता येणार नाही."

मला वाटलं पंखांचा घोळ त्यांच्या लक्षात आला. पण फादर म्हणाले, "डोळे."

माझ्या आखणीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "फादर, त्या बाया काय उगाच गुडघ्यावर आल्या?"

"तेच तर," फादर म्हणाले. "बायबलच्या शेवटी योहान नावाचा एक जण आहे. देवदूत त्याला पुढे घडायचं ते सगळं दाखवतो. योहान भारावून जातो आणि त्याच्या पाया पडतो. देवदूत त्याला थांबवतो. म्हणतो, असं करू नकोस, मी तुझ्यासारखाच चाकर आहे, नमस्कार देवाला कर. योहानाला राहवत नाही, तो पुन्हा पडतो. देवदूत पुन्हा तेच सांगतो. ज्याच्या पाया पडलेलं चालत नाही तो देवदूत. तुमचा देवदूत असं करू नकोस म्हणत नाही, ताई. तो म्हणतो, ये, बस."

ते खरं होतं. ये, बस म्हणणारे डोळे आखायलाच तर मी शिकले होते. सासऱ्यांनी मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

जसिंताबाय ओटीच्या खांबाला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा पडला. "म्हंजे माझा नवस?" ती म्हणाली. फादरांनी तिला समजावलं, की मूर्ती रविवारी बसवायची आहे, तोवर वेळ आहे, जमलं तर ठीक, नाहीतर मुंबईहून साधी मूर्ती मागवू, देव नवस धरून बसत नाही. बायचं समाधान काही झालं नाही.

सदा मात्र खुशीत दिसला. टेम्पोपाशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "काळजी कशाला करतेस? काशीदला तो रिसॉर्टवाला हाय ना, त्याना येताना टेम्पोतला देवदूत बघितला. त्याला पोहायच्या तलावाशी ठेवायला पायजे. लगेच नेतो म्हनाला."

तलावाशी. म्हणजे माझे पहिले न बुडणारे डोळे ओल्या चड्डीतल्या पर्यटकांकडे बघत उभे राहणार, आणि कुणीतरी त्या अभय देणाऱ्या हातावर टॉवेल वाळत घालणार. मी सदाला सांगितलं, "तू रिकामा टेम्पो घेऊन जा. मी आखणी नीट केल्याशिवाय येत न्हाय." त्याने टेम्पो चालू केला. माझा तसा आवाज लागला की तो वाद घालत नाही.

मी जसिंताबायकडे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी थिनरने मूर्तीचे डोळे पुसून टाकले. स्वतःच्या हाताने स्वतःची आखणी पुसायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती, आणि ते काम मी शिव्या देत केलं. मग ओटीवर फादरांच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले.

"आता मला नीट सांगा," मी म्हटलं, "देवदूत म्हणजे नक्की कोण? पंख काढू का?"

"पंख राहू द्या, लोकांना ओळख पटते," फादर म्हणाले. "खरं सांगायचं तर बायबलमध्ये बहुतेक देवदूतांना पंख असल्याचं लिहिलेलंच नाही. पंखांचे आहेत, नाही असं नाही. देवाच्या सिंहासनापाशी सहा पंखांचे आहेत. ते दोन पंखांनी तोंड झाकतात, दोनांनी पाय झाकतात, दोनांनी उडतात. चार तोंडांचेही आहेत, माणूस, सिंह, बैल आणि गरुड."

"चार तोंडांचे आमच्याकडे पण आहेत."

"असतील. पण निरोप घेऊन खाली येतात ते साध्या माणसासारखे दिसतात. अब्राहामाच्या तंबूशी भर उन्हात तिघं आले. त्याने पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी भाजायला लावली, वासरू कापलं, दही-दूध पुढे ठेवलं. ते झाडाखाली बसून जेवले."

"मग ओळखायचं कसं?"

"पुष्कळदा ओळखू येतच नाहीत. गेल्यावर कळतं. एका जोडप्याकडे एक आला, तुम्हाला मुलगा होईल म्हणून सांगायला. ते म्हणाले, तुमचं नाव सांगा, मुलगा झाला की तुमचा मान करू. त्याने नाव सांगितलं नाही. म्हणाले, करडू शिजवतो, थांबा. म्हणाला, मी खाणार नाही, द्यायचं तर देवाला द्या."

"एक पोटभर जेवतो, दुसरा शिवत नाही. जरा भावच खातात हो तुमचे देवदूत."

फादर मोठ्याने हसले. मग म्हणाले, "भाव एवढा मात्र ते कधी खात नाहीत. किशोरीताई, देवदूत कोण हे त्याच्या रूपावरून ठरत नाही. त्याला कोणी पाठवलं आणि कशाला पाठवलं यावरून ठरतं. काम झालं की तो थांबत नाही. आपण त्याच्याकडे बघत बसावं असं त्याला वाटतच नाही."

हे ऐकायला सोपं, पण आखणीत आणायचं कसं? डोळे असतात तेच मुळी बघणाऱ्याशी बोलायला. मी कोळशाने मूर्तीवर खुणा करून बघू लागले. आधी नजर वर लावली, आकाशाकडे. जसिंताबाय मासे विकून आली, उभ्या उभ्या म्हणाली, "पोराचा हात धरलाय आन् बघतोय वर. पोर पडंल की गो." ते पुसलं. मग डोळे अर्धे मिटले. शांत, गंभीर चेहरा झाला. रस्त्याने जाणाऱ्या एका शाळामास्तरांनी सायकल थांबवून लांबूनच नमस्कार केला. तेही पुसलं.

तिसऱ्या खेपेला नजर पोराच्या चेहऱ्यावर उतरवली. फार गोड दिसला. फादर आले, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "हे चालेल."

मला चालेना. मी समोर बसून पाहिलं, तर तो चेहरा पोराकडे बघत होता खरा, पण डोळ्यांच्या कडेने मलाच सांगत होता, बघ, मी किती माया करतो. कॅलेंडरवर शोभला असता. फादरांच्या देखत मी तोही पुसला. ते म्हणाले, "अहो, मी हो म्हटलं ना." मी म्हटलं, "तुम्ही म्हटलंत, मी न्हाय म्हटलं."

त्या दुपारी मी खाडीकडे गेले. रेमी होडी उलटी करून तळाला रंग देत होता. तिशीचा गडी, आईसारखाच रुंद, पण अबोल. आईच्या देवदूताबद्दल तो माझ्याशी अवाक्षर बोलला नव्हता, आणि मूर्ती उघडली तेव्हा ओटीवर आलाही नव्हता. मी त्याच्याजवळ वाळूत बसले आणि विचारलं, "तुला वाचवला तो कसा दिसत होता रे?"

रेमीने ब्रश डब्यावर ठेवला. "आई सांगते देवदूत. तो माणूस व्हता, ताय. अंगात फाटकी बंडी, गालात तंबाखू. माझ्या होडीत उडी मारताना त्याचा पाय घसरला, तवा अशी शिवी हासडली की सांगता येत न्हाय. आई त्याला पंख लावून देवळात बसवते. मना राग येतो. जीव धोक्यात घातला त्या माणसाना, आन् नाव होणार दुसऱ्याचं."

"देवदूत शिवी देत नसेल असं कुठं लिहिलंय?" मी म्हटलं. फादरांच्या संगतीचा मला फायदा झाला होता. "कदाचित तुझी आई आणि तू एकाच माणसाबद्दल बोलताय. ते राहू दे. मला त्याच्या डोळ्यांचं सांग."

त्याने हाताला लागलेला रंग वाळूत पुसला.

"डोळे आठवत न्हाईत," तो म्हणाला. "त्याना माझ्याकडं बघितलंच न्हाय. मी रडत व्हतो, ओरडत व्हतो, मामा वाचव, मामा वाचव. त्याना एकदा पण वर बघितला न्हाय. तो दोरीकडं बघत व्हता. गाठ बसली का, दोरी खडकाला घासते का, तेवढंच. मग माझं पण रडणं थांबलं. मी पण दोरीकडं बघाया लागलो. ती सुटाया लागली ती मनाच दिसली, आन् मी पकडली. त्याना माझ्याकडं बघितला असता ना ताय, तर मी त्याचे पाय धरून बसलो असतो. दोघं पण गेलो असतो."

मी उठलेच. रेमीला वाटलं मला राग आला. मी त्याला म्हटलं, "तुझ्या आईच्या नवसाचं काम झालं," आणि वाळूतून जवळजवळ पळत देवळाकडे आले.

फादरांना विचारलं, मूर्ती नेमकी कुठे बसणार? त्यांनी दाराच्या आतला कोनाडा दाखवला, उजव्या हाताला, उंबऱ्याच्या अगदी जवळ. तिथून खाली बघितलं की ओटीवरून आत येण्याची जांभ्याची पायरी दिसते. ती मधोमध झिजून तिच्यात खळगा पडला आहे, आणि बाहेरच्या उन्हातून आत आलं की अंधारात ती दिसत नाही. त्या पायरीवर वाडीतली निम्मी म्हातारी माणसं कधी ना कधी धडपडली आहेत, असं फादर म्हणाले. मी कोनाड्यासमोर भक्ताच्या जागी न बसता कोनाड्यात चढून बसले, देवदूताच्या जागी, आणि तिथून पायरीकडे बघितलं. बाळकृष्णाचं, म्हणजे त्या पोराचं, उचललेलं पाऊल पुढे टेकलं असतं तर तिकडेच टेकलं असतं.

सदाला फोन केला, कटर आणि फायबरचं सामान घेऊन ये. तो आला तेव्हा मी त्याला सांगितलं, मान कापून जरा पुढे झुकव, आणि उजवा हात खांद्यातून सोडवून खाली आण, समोर दाखवायचा नाही, पुढे झेपावलेला पाहिजे, पडणाऱ्याला धरायला निघाल्यासारखा.

सदाच्या हातातला कटर तसाच राहिला. "देवाची मान कापू?"

"देव न्हाय तो," मी म्हटलं. "तेच तर सगळं भांडण हाय."

त्याने तोंडातल्या तोंडात गणपतीची क्षमा मागून मान कापली. सांधा भरून, घासून, रंग वाळेपर्यंत शनिवार उजाडला. मग मी बसले. पापणी रंगाने खाली आणली. बुबुळं खाली, पायरीवरच्या त्या खळग्यावर उतरवली. भुवयांच्या मध्ये एक बारीक आठी दिली, काम करताना माणसाला पडते तेवढीच. शेवटचा पांढरा ठिपका मी आयुष्यात पहिल्यांदाच बुबुळाच्या खालच्या कडेला ठेवला. मला ठाऊक होतं मी काय करते आहे.

रविवारी सकाळी मूर्ती कोनाड्यात बसली. फादरांनी आशीर्वाद देऊन पाणी शिंपडलं आणि दार उघडलं. मी आणि सदा आत भिंतीशी उभे होतो. पहिली आली ती त्या दिवशी गुडघ्यावर आलेली म्हातारी. तिने उत्साहाने मूर्तीकडे मान वर केली. देवदूत तिच्याकडे बघतच नव्हता. तिने त्याची नजर कुठे लागली आहे ते पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं, खळगा पाहिला, आणि भिंतीला धरून जपून पायरी ओलांडली. मग सरळ पुढे वेदीकडे जाऊन तिथे गुडघे टेकले. तिच्या मागच्या बाईने तेच केलं. तिच्या मागच्याने तेच. एकही जण अडखळला नाही, आणि एकही जण मूर्तीपाशी थांबला नाही. मी एकेकाची पावलं बघत होते.

रेमी आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन आला. त्याने देवदूताकडे पाहिलं, मग देवदूत जिकडे बघत होता तिकडे पाहिलं. पायरीवरचा खळगा त्याने पायाने चाचपला. मग मागे वळून लोकांना म्हणाला, "सांभाळून या, खाली बघा." आत येऊन तो फादरांच्या जवळच्या बाकावर बसला.

जसिंताबाय सगळ्यांत शेवटी आली. हातात मेणबत्ती, नवी साडी. ती मूर्तीसमोर उभी राहिली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, वाकूनही बघितलं. त्याची नजर तिला मिळेना.

"हा माझ्याकडं का बघत न्हाय गो?" तिने मला विचारलं. "मना त्याचे उपकार मानायचे हायेत."

"त्याला काम हाय, बाय," मी म्हटलं. "रेमीला ओढत व्हता तवा पण त्याना वर बघितलं नव्हतं. रेमीला विचार."

तिने आत बसलेल्या मुलाकडे पाहिलं. रेमीने मान हलवली. जसिंताबाय डोळे पुसून, पायरीकडे बघत, आत आली. मेणबत्ती तिने देवदूताच्या पायाशी लावली नाही. ती घेऊन वेदीपाशी गेली, तिथे लावली, आणि खाली बसून वाडीतली माणसं आपसात बोलतात त्या बोलीत बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. गेल्या वर्षीपासून तिच्या मनात अडकलेलं सगळं एकदाचं पोचायचं तिथे पोचत होतं, हे मला न समजणाऱ्या बोलीतही समजलं, आणि मला रडू आलं.

प्रार्थना संपून माणसं बाहेर पडली. जातानाही सगळ्यांच्या नजरा खाली, पायरीवर. फादरांनी मला लांबून हात जोडले. मी कोनाड्याकडे शेवटचं पाहिलं. माझे पहिले डोळे, जे कितीही गणेशोत्सव आले-गेले तरी उघडे राहणार होते.

टेम्पो रेवदंड्याच्या पुलावर आला तेव्हा मी सदाला म्हटलं, "आजपर्यंतची माझी सगळ्यांत चांगली आखणी हीच."

"असंल," सदा म्हणाला. "पण कुणी बघितली का ती?"

"एकानं पण न्हाय," मी म्हटलं, आणि घर येईपर्यंत हसत होते.